आंबेमोहोराचा वास, काजव्याचा उजेड: पेशीतलं जनुक चालू की बंद, हे मोजतात कसं?

उत्रोली, भोर, वेल्हे हा सगळा भाताचा पट्टा. पावसाळ्यात इथल्या खाचरांच्या बांधावरून जाताना आंबेमोहोर कुठे लावलाय, हे जाणकार माणूस नाकानेच सांगतो. दाणा भरायची वाट बघावी लागत नाही. हिरवं पातं हातात चोळलं तरी वास येतो. आता त्याच रोपाचं मूळ उपटा, धुवा आणि चोळून बघा. तो वास नाही. सुगंधी भातावर ज्यांनी यंत्राने मोजमाप केलं त्यांनाही हेच दिसलं: वासाचं रसायन पानात आहे, खोडात आहे, दाण्यात आहे, मुळात नाही.

यात नवल असं की पानातल्या पेशीत आणि मुळातल्या पेशीत जनुकांचा संच अगदी एकच असतो. भाताच्या प्रत्येक पेशीत सुमारे ३७ हजार जनुकं आहेत. (माणसात वीस हजारांच्या आसपास. भात या बाबतीत आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, त्याचा फार विचार करू नये.) संच एक असूनही एका जागी वास आणि दुसऱ्या जागी नाही, कारण जनुक अंगात असणं ही एक गोष्ट आणि ते कामाला लागणं ही वेगळी गोष्ट. या कामाला लागण्याला पाठ्यपुस्तकात जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात, बोलताना जीन एक्सप्रेशन. ते मोजता येतं, आणि अलीकडे पेशी जिवंत असतानाही मोजता येतं. पुढे वाचताना कळेल की हा विषय फक्त शेताचा नाही. मुलामुलीचं लग्न ठरवताना हातात येणाऱ्या रक्ताच्या एका रिपोर्टशीही त्याचा थेट संबंध आहे.

मूळ दप्तर आणि नक्कल

जमिनीचं मूळ दप्तर कचेरीत राहतं. आपल्याला हवी असते ती नक्कल. बँकेत नक्कल चालते, कोर्टात नक्कल चालते, दप्तर कोणी उचलून नेत नाही. पेशीचं तसंच आहे. डीएनए हे दप्तर. ज्या जनुकाची गरज आहे त्याची आरएनए नावाची नक्कल निघते, ती नक्कल वाचून पेशी प्रथिन बनवते आणि प्रथिन पुढचं काम करतं. काम झालं की नक्कल फाडून टाकली जाते. कोणत्या जनुकाच्या किती नकला या घडीला पेशीत फिरत आहेत, हे मोजलं की ते जनुक किती कामात आहे हे कळतं. नुसतं दप्तर वाचून ते कळत नाही. हजार पानांच्या दप्तरातलं कोणतं पान आज उघडलं गेलं, हे दप्तर बघून कसं सांगणार?

भाताच्या वासाची गोष्ट तर उलट्या बाजूची आहे. आंबेमोहोर आणि बासमतीच्या सुगंधातला मुख्य घटक म्हणजे टू-असिटाइल-वन-पायरोलीन. नाव अवघड आहे, म्हणून शास्त्रज्ञही त्याला टू-एपी म्हणतात. काही घरांत भातात जे पंडनचं पान टाकतात, त्याचा वासही याच रसायनाचा. साध्या, बिनवासाच्या भातात बॅड-टू नावाचं एक जनुक चालू असतं. त्याचं प्रथिन टू-एपी बनण्याआधीच कच्चा माल दुसरीकडे वळवतं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की बासमतीसारख्या सुगंधी भातात या जनुकातली आठ अक्षरं गळलेली आहेत. त्यामुळे मजकूर अर्ध्यातच थांबतो, प्रथिन पुरं होत नाही, कच्चा माल शिल्लक राहतो आणि त्यातून सुगंध तयार होतो. म्हणजे ज्या वासासाठी आपण किलोमागे जास्त पैसे मोजतो, तो एका जनुकाच्या बिघाडाचा वास आहे.

जनुकाचा मजकूर असा अर्ध्यात थांबतो म्हणजे काय होतं, हे उलगडणाऱ्यांत एक नाव आपल्या वाचकांना माहीत असावं: ओबैद सिद्दीकी. जन्म १९३२, उत्तर प्रदेशातला बस्ती जिल्हा, शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आणि मग ग्लासगोला. १९६२ मध्ये अॅलन गॅरेन यांच्यासोबत त्यांनी जिवाणूंवर केलेल्या कामातून, प्रथिन मध्येच तुटण्यामागे 'इथे थांब' अशी खूण असते, या समजुतीकडे जाणारी वाट मोकळी झाली. त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे बंगळूरची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्था त्यांनीच घडवली. २००६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१३ मध्ये ते गेले. आपल्याकडे त्यांचं नाव व्हायला हवं तितकं झालं नाही, असं मला वाटतं.

कोरोनाची तीच चाचणी

पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. अल्ताफहुसेन नदाफ आणि त्यांचे विद्यार्थी या सुगंधी भातावर बरीच वर्षं काम करत आले आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात तीन जाती शेजारी शेजारी ठेवल्या होत्या: बासमती-३७०, आपला आंबेमोहोर-१५७ आणि बिनवासाचा आयआर-६४. रोप वाढत असताना आणि दाणा पिकल्यावर, अशा दोन वेळी त्यांनी वासाची रसायनं मोजली आणि सोबत बॅड-टू व त्याच्या जोडीच्या एका जनुकाच्या नकलाही मोजल्या. बियाणं तेच असून वय बदललं की वासाच्या रसायनांचा हिशोब बदलतो, हे त्यात दिसतं. अनुभवी शेतकऱ्याला यात फारसं नवल वाटणार नाही. तेच बियाणं डोंगराच्या अंगाला लावलं, दाणा भरताना रात्री थंड मिळाल्या, तर भात जास्त घमघमतो हे तो जाणतोच. त्याच्या नाकाला जे कळतं ते आकड्यात मांडणं, एवढंच प्रयोगशाळेचं काम.

नकला मोजायची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आरटी-पीसीआर. २०२० आणि २०२१ मध्ये नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्यावर होत होती तीच. तिथे विषाणूचा आरएनए शोधत होते, इथे भाताच्या जनुकाच्या आरएनए नकला शोधतात. पात्याचा तुकडा वाटून आरएनए काढायचा, त्याचा डीएनए करून घ्यायचा आणि यंत्रात दर फेरीला त्याची संख्या दुप्पट करत न्यायची. किती फेऱ्यांनंतर यंत्राला तो दिसू लागला, ती संख्या म्हणजे सीटी व्हॅल्यू. कोरोनाच्या काळात घराघरात 'सीटी किती आली' अशी चौकशी चालायची, ती हीच. दर फेरीला दुप्पट, म्हणून तीन फेऱ्या आधी दिसला तर सुरुवातीला नकला आठपट होत्या. दहा फेऱ्या आधी दिसला तर सुमारे हजारपट. शिवाय नमुन्यात एकूण माल कमीजास्त आला असेल तर फसगत होऊ नये, म्हणून सतत सारखं चालणाऱ्या एखाद्या जनुकाशी तुलना करतात. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं वजन म्हणा.

पद्धत खात्रीची आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. मोजायचं तर पातं वाटावं लागतं. वाटलेल्या पात्यातलं जनुक उद्या सकाळी काय करणार होतं, हे कधीच कळणार नाही. दुसरं असं की लाखो पेशी एकत्र वाटल्या की हातात येते ती सरासरी. दहा घरांतल्या एका घरात पन्नास माणसांची दावत आहे आणि बाकी नऊ घरांत चूल बंद आहे. सरासरी काढली तर प्रत्येक घरात पाच माणसं जेवली. हिशोब बरोबर, पण खरं काय घडलं ते त्यात नाही.

काजव्याची मदत

यावर उपाय निघाला तो काजव्यातून. वळवाचे पाऊस पडून गेले की मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, हिरडा-बेहड्याची झाडं रात्री लुकलुकतात. काजव्याच्या पोटात लुसिफेरेज नावाचं प्रथिन असतं. लुसिफेरिन हे रसायन, ऑक्सिजन आणि पेशीतली ऊर्जा मिळाली की ते उजेड देतं, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. हे प्रथिन बनवणारं जनुक १९८५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्लीन डिलुका आणि सहकाऱ्यांनी एका अमेरिकन काजव्यातून वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी ते तंबाखूच्या रोपात घातलं. रोपाला लुसिफेरिनचं पाणी दिलं आणि ते अंधारात मंद उजळलं. तो फोटो जगभर गाजला.

गंमत म्हणून हे ठीक, पण उपयोग दुसराच आहे. प्रत्येक जनुकाच्या आधी एक तुकडा असतो जो बटणाचं काम करतो: जनुक कधी चालू करायचं, किती, कोणत्या अवयवात. समजा मला भाताच्या एखाद्या जनुकाचं बटण कधी दाबलं जातं ते बघायचंय. मी त्या बटणाची प्रत घेतो, तिच्यामागे काजव्याचं जनुक जोडतो आणि ते रोपात घालतो. आता रोप जेव्हा जेव्हा ते बटण दाबेल तेव्हा तेव्हा उजेड पडेल. रोप वाटायचं नाही, कापायचं नाही. अंधाऱ्या पेटीत ठेवायचं आणि अतिशय संवेदनशील कॅमेरा लावून बसायचं. उजेड किती, तितकं जनुक कामात. मोटारीचा पंप चालू आहे की नाही हे घरबसल्या कळावं म्हणून आपण त्याच तारेवर एक बल्ब लावतो ना, तसंच हे.

अशा पेटीतून काय दिसलं याचं एक सुंदर उदाहरण आहे. १९९५ मध्ये अँड्र्यू मिलर, स्टीव्ह के आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपात, सूर्यप्रकाश पकडण्याच्या कामातल्या जनुकाच्या बटणाला काजव्याचं जनुक जोडलेलं होतं. उजेड दर चोवीस तासांनी चढायचा आणि उतरायचा. दिवा सतत चालू ठेवला, दिवस-रात्र काही कळू दिली नाही, तरी लय सुटली नाही. रोपाच्या आत घड्याळ होतं. मग हजारो रोपांत त्यांनी वेळ चुकणारी रोपं शोधली आणि एक असं सापडलं ज्याचा दिवस सुमारे एकवीस तासांचा होता. रोपं वाटून हे शोधायचं म्हटलं असतं तर दर दोन तासांनी नवी रोपं मारावी लागली असती.

काजव्याच्या जोडीला जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन आलं. त्याला जीएफपी म्हणतात. ओसामु शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये शोधलं, डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचं जनुक मिळवलं, मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते दुसऱ्या जिवांत चमकवून दाखवलं आणि रॉजर त्सियेन यांनी त्याचे अनेक रंग केले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी, त्सियेन या तिघांना मिळालं. जनुकाच्या प्रती इतरांना मोकळ्या मनाने वाटून टाकणारे प्रॅशर तेव्हा अलाबामात एका मोटार विक्रेत्याकडे गाडी चालवत होते. जीएफपीला लुसिफेरिनचं खाद्य द्यावं लागत नाही, निळा प्रकाश टाकला की पुरे. पण त्याचा एक दोष आहे. ते पेशीत फार काळ टिकतं. बटण बंद झालं तरी कितीतरी तास हिरवं दिसतच राहतं. जनुक चालू कधी झालं हे त्यावरून कळतं, बंद कधी झालं ते नीट कळत नाही. काजव्याचं प्रथिन काही तासांत विरतं, म्हणून चढ-उतार बघायचा तर आजही काजवाच बरा.

जिवंत पेशी एकेक करून बघता यायला लागल्यावर मोठा धक्का बसला. २००२ मध्ये मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जिवाणूत एकाच प्रकारच्या दोन बटणांना दोन वेगळे रंग लावले. पेशी तीच, बटणं सारखी, मग दोन्ही रंग सारखे दिसायला हवेत. तसं झालं नाही. एका पेशीत एक रंग जास्त, शेजारच्या पेशीत दुसरा. २००५ मध्ये प्रिन्स्टनमध्ये इदो गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी जिवंत जिवाणूत नकला निघताना प्रत्यक्ष पाहिल्या. नळातून पाणी यावं तशा एकसारख्या धारेत नकला निघत नव्हत्या. बराच वेळ काही नाही, मग एकदम काही नकला, मग पुन्हा शांतता. टँकर आला की गर्दी, गेला की सामसूम, तसा प्रकार. म्हणजे जनुकाच्या कामात थोडा योगायोगही आहे, आणि तो मोजता येतो.

आता आपल्या घरातलं

रक्तातलं हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं, अल्फा आणि बीटा. पण पोटातल्या बाळात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांत गॅमाचं बटण जवळजवळ बंद होतं आणि बीटाचं पुरतं चालू होतं. ज्या बाळाला आई आणि वडील दोघांकडूनही बीटाचं बिघडलेलं जनुक मिळालं, ते जन्मतः छान गुटगुटीत असतं, कारण गॅमावर काम चाललेलं असतं. मग काही महिन्यांत ते फिकट पडू लागतं. हा थॅलेसेमिया मेजर. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, अंगात साठणारं लोह काढायची औषधं, हे आयुष्यभर. नजर लागली, दूध बाधलं, अशा कारणांत महिने जातात. खरं कारण एक बटण बंद होणं आणि दुसरं नीट चालू न होणं हे असतं.

भारतात या जनुकातला जो बदल सर्वांत जास्त आढळतो, तो प्रथिनाच्या मजकुरात नसून नक्कल कापून-जोडून नीट करायच्या जागेजवळ आहे. दप्तरात एकच अक्षर बदललेलं, पण बहुतेक नकला चुकीच्या शिवल्या जातात आणि बीटा साखळी फारच थोडी बनते.

ज्याच्याकडे एक चांगलं आणि एक बिघडलेलं जनुक आहे त्याला वाहक म्हणतात, थॅलेसेमिया मायनर. भारतात शंभरात साधारण तीन-चार माणसं अशी आहेत. ती आजारी नसतात. थोडा अॅनिमिया असतो, आणि पुष्कळदा तो लोहाच्या कमतरतेचा समजून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू राहतात. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढतच नसेल तर डॉक्टरांना थॅलेसेमियाबद्दल विचारायला हवं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. चुलत, मामे, आते भावंडांत लग्न होतात त्या घरांत काळजी जास्त घ्यावी लागते, कारण आजा किंवा आजी वाहक असेल तर तोच बदल दोन्ही बाजूंना उतरलेला असू शकतो. यात कोणाच्या खानदानाला बट्टा लागत नाही. वाहक कोणत्याही जातीधर्मात, कोणत्याही घरात असतात, आणि मुलीकडच्यांनीच रिपोर्ट दाखवावा ही पद्धत तर अगदी चुकीची. बदल दोन्हीकडून यावा लागतो.

वाहक ओळखायची चाचणी एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या नावाने होते. रिपोर्टवर एचबी ए-टू असं लिहिलेलं असतं आणि पुढे टक्के. साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर वाहक असण्याची दाट शक्यता. लक्षात घ्या, ही चाचणी डीएनए वाचत नाही. कोणत्या जनुकाने पेशीत किती माल काढला ते ती मोजते. बीटा कमी पडली की तिच्या जागी डेल्टा नावाची साखळी जास्त दिसते, तेच ए-टू वाढणं. म्हणजे आंबेमोहोरात जे शोधत होतो तेच इथे, फक्त नकलांऐवजी तयार प्रथिन मोजलं. एक सावधगिरी: अंगात लोह फारच कमी असेल तर ए-टू थोडं कमी दिसू शकतं आणि वाहक सुटून जाऊ शकतो. आकडा काठावर असला तर लोह भरून काढून पुन्हा तपासणी किंवा डीएनए चाचणी डॉक्टर सुचवतात.

बटणांच्या या अभ्यासातून उपचारही निघाला. गॅमाचं बटण मोठेपणी बंद ठेवणारा पहारेकरी बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं जनुक आहे, हे २००८ मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, फक्त त्या पेशींत या पहारेकऱ्याचं बटण तोडायचं आणि त्या परत द्यायच्या. गॅमा पुन्हा चालू होते. या उपचाराला, कॅसजेव्हीला, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकल सेल आणि थॅलेसेमिया दोन्हींसाठी परवानगी मिळाली. इथे दावतीचं ते उदाहरण पुन्हा आठवावं लागतं. गॅमा असलेलं हिमोग्लोबिन सरासरीने किती टक्के वाढलं एवढं बघून भागत नाही. ते मोजक्या पेशींत गच्च भरलंय की बहुतेक पेशींत थोडं थोडं पोचलंय, हे एकेक पेशी रंगवून मोजतात, कारण ज्या पेशीत ते पोचलं नाही तिला त्याचा फायदा नाही.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. ए-टूची चाचणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते, आयुष्यात एकदा नीट करून घेतली की पुरते. लग्न ठरायच्या आधी केली तर उत्तम. राहून गेली असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, पहिल्याच तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगून करून घेता येते. दोघांपैकी एकाचा रिपोर्ट स्वच्छ आला, तर त्यांच्या मुलांना थॅलेसेमिया मेजर होण्याची भीती सहसा राहत नाही.